चिठ्ठी वर जाते, खाली येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आरोग्याचा निधी अखर्चित’ अशी बातमी मार्च सरता सरता आपल्या अंकात हमखास येते. कोटींतला एक आकडा, एका सदस्याचा संताप, एका अधिकाऱ्याचं ‘माहिती घेऊन सांगतो’. मी ती बातमी जरा वेगळ्या नजरेनं वाचते, कारण हा निधी जिथे जाऊन पोचतो, किंवा पोचत नाही, त्या शेवटच्या टोकाला मी होते. १९८७ साली आरोग्यसेविका म्हणून लागले, २०२२ ला आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी अकोले तालुक्यात, त्यातली बरीचशी डांगाणात, म्हणजे डोंगराळ पट्ट्यात. पत्र लांबलंय. कापायचंच झालं तर सुरुवातीचं कापा, वहीचा भाग ठेवा.

आधी सरकारी पैशाची चांगली बाजू सांगते. मी लागले तेव्हा उपकेंद्राला मिळायची औषधांची पेटी, सुया उकळायचा स्टोव्ह आणि सूचना. स्टोव्हला रॉकेल माझ्या रेशनकार्डावरचं. बाळंतपणाच्या खोलीला आतून कडी नव्हती. अठरा वर्षं मी त्या खोलीत बाळंतपणं केली ती दाराला पाट टेकवून, आणि पाटावर कुणाची तरी सासू बसवून. मग एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. उपकेंद्राला वर्षाला दहा हजार रुपये अबंधित निधी, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्चायचा पैसा, प्राथमिक आरोग्य केंद्राला पंचवीस हजार, पुढे गावाच्या आरोग्य समितीलाही दहा हजार. उपकेंद्राचं खातं सरपंच आणि सेविकेच्या जोडनावानं. सरपंच अंगठेबहाद्दर नव्हते, पण चेकबुक दोघांनीही पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. पहिला खर्च त्या कडीचा. कडी, कोयंडा, सुताराची मजुरी. ज्यांना दहा हजार म्हणजे चिल्लर वाटते त्यांनी कधी पाटाआडून बाळंतपण केलेलं नसतं, एवढंच म्हणेन.

तेव्हा अनुदानाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पैसा आला आणि त्यानं फरक पडला. १०८ ची गाडी आमच्याकडे २०१४ पासून दिसायला लागली, त्याआधी बाळंतीण डोलीतून किंवा दुधाच्या पिकअपमधून उतरायची. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वार्षिक निधीचे अबंधित, देखभाल आणि रुग्ण कल्याण समिती असे तीन तुकडे होते. पंचवीस, पन्नास हजार आणि एक लाख. ते पुढे एकत्र करून १ लाख ७५ हजार झाले. पंधराव्या वित्त आयोगानं तर आरोग्यासाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरता ७०,०५१ कोटी सांगितले. इमारत नसलेल्या उपकेंद्रांना इमारती, तपासण्यांची सोय, तालुक्याच्या पातळीवर सार्वजनिक आरोग्य युनिट, अशी त्याची शीर्षं. चांगलीच आहेत. भिंत लागते, यंत्र लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्या शीर्षांमध्ये दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्याला कुठे जागा नाही. आम्ही रुग्ण वर पाठवतो. सोबत चिठ्ठी देतो. त्या चिठ्ठीचं उत्तर खाली येत नाही.

एक गोष्ट सांगते. बाईचं नाव, गाव, दवाखाना, जिल्हा काहीच लिहीत नाही. त्यातल्या कुणाचाच एकट्याचा दोष नव्हता, म्हणून तर लिहायची.

२०१६ चा पावसाळा. आमच्या हद्दीतली एक पहिलटकरीण, सातवा संपून आठवा लागलेला, पहाटे कळा सुरू झाल्या. आशाताईंनी फोन केला, रेंज मिळायला त्या देवळामागच्या टेकाडावर चढून गेल्या होत्या. १०८ आली, वेळेत आली. मी चिठ्ठी लिहिली: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, कळा कधीपासून, कोणती इंजेक्शनं दिली. गाडी गेली. दुपारी कळलं की मोठ्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा, तेराशे ग्रॅम, काचेच्या पेटीत ठेवलाय. आम्हा बायकांना बरं वाटलं. केस यशस्वी. माझ्या रजिस्टरला ‘संदर्भित’ या रकान्यात बरोबरची खूण झाली आणि तिथे आमचं काम, कागदावर तरी, संपलं.

बाळ एकोणीस दिवसांनी पेटीतून निघालं. डिस्चार्ज कार्ड दिलं, सगळं इंग्रजीत. त्यावर खाली एक ओळ होती: आरओपी (म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची) तपासणी, आणि नऊ दिवसांनंतरची तारीख. दोन किलोच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांच्या आधी झालेलं बाळ असेल तर डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. त्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढायला लागल्या असतील तर त्याच वेळी लेझरनं थांबवता येतात. उशीर झाला तर नाही. हे त्या कार्डावरच्या ओळीत होतं, म्हणजे ज्याला आधीच माहीत आहे त्याला कळेल असं होतं.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ च्या जूनपासून, बाळंतिणीला फुकट घरी सोडायची तरतूद आहे. गाडीनं तिला सोडलंही. पण सासरी नाही, माहेरी, आणि माहेर दुसऱ्या उपकेंद्राच्या हद्दीत. सासरच्या आशाताईंना वाटलं, अजून दवाखान्यात असेल. माहेरच्या आशाताईंना ती मुलगी परत आली आहे हेच माहीत नव्हतं, कारण पोर झालं सासरच्या नावावर, गरोदरपणाची नोंद सासरची, संगणकातला तो लांबलचक क्रमांकही सासरच्या उपकेंद्राचा. बाळाला सहा वेळा घरी जाऊन बघायचं, त्याचे आशाला अडीचशे रुपये मिळतात. दोन आशा, एकही भेट नाही. ती कुठे उतरली हे एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, गाडीच्या ड्रायव्हरला. त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

बाळ पन्नास दिवसांचं असताना मला ती राजूरच्या बाजारात दिसली. पदराखाली पोर, हातात सुकटीची पुडी. कार्ड कुठे आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, “बाई, भिजू नये म्हणून वाशाला खोचून ठेवलंय.” संध्याकाळी जाऊन पाहिलं. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, खरोखर जपून ठेवलं होतं. त्यातली तारीख तीन आठवड्यांपूर्वी उलटलेली.

एक डोळा वाचला. मुलगा आता शाळेत जातो, पहिल्या बाकावर बसतो, भिंगाचा चष्मा आहे. पोरगं हुशार आहे, हे मुद्दाम सांगते.

त्यानंतर मी एक शंभर पानी वही विकत घेतली. वर लिहिलं ‘परतवही’. पाच रकाने: नाव, कधी पाठवलं, कुठे पाठवलं, आता कुठे आहे, पुढची तारीख. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या त्या दवाखान्याला फोन लावायचे. पहिल्या पानावर बावीस नावं बसली. त्यांतल्या सहा जणांची खबर दवाखान्याकडून मिळाली, बाकीच्यांची आशाताईंनी बाजार, लग्नं, दहावे आणि एस.टी. स्टँड इथून गोळा केली. चौथा रकाना वाचला तर डांगाणाचा नकाशाच आहे: ‘माहेरी’, ‘नारायणगावला टोमॅटोवर’, ‘मावशीकडे घोटीला’, ‘दवाखान्यातून न सांगता निघून आले’. त्यातले दोघे क्षयाचे होते, गोळ्या अर्ध्यावर सोडून कामाला गेलेले. ते परत धरून आणले.

वही चालायचं खरं कारण वेगळंच होतं. एका मोठ्या दवाखान्याच्या बालविभागात माझ्याबरोबर ट्रेनिंग केलेली एक सिस्टर होती. आम्ही होस्टेलला एका खोलीत राहिलेलो. ती मला संध्याकाळी फोन करायची, “तुझ्या इथलं एक सुटलंय गं, बघ.” एवढं वाक्य. त्यावर वर्ष-दीड वर्ष आमच्या भागातलं एकही काचेतलं बाळ हरवलं नाही. मग तिची बदली झाली. नवीन सिस्टर चांगली होती, पण तिला पन्नास खाटा आणि दोन मदतनीस, ती मला कशाला फोन करील? समन्वय, समन्वय म्हणतात ना सभेत, तो आमच्या तालुक्यात एका जुन्या रूम-पार्टनरच्या मोबाइलवर उभा होता.

आता पैशाचं. वर्षअखेरीला लेखापरीक्षण झालं. मी अबंधित निधीतून मोबाइलचं रिचार्ज, वही आणि आशाताईंचं चार-पाच वेळचं एस.टी. भाडं टाकलं होतं. सगळे मिळून १,३६० रुपये. आक्षेप निघाला: आवर्ती स्वरूपाचा खर्च, बाब अनुज्ञेय नाही, संबंधितांकडून वसूल करावा. साहेब वाईट नव्हते, चहा घेतला, नियम दाखवला. नियमात आहेच तसं. अत्यवस्थ रुग्ण वर न्यायला गाडीभाडं चालतं. साथीत पाण्याचे, रक्ताचे नमुने पाठवायचं भाडं चालतं. बँडेज, ब्लीचिंग पावडर, साफसफाईची मजुरी चालते. वारंवार होणारा खर्च चालत नाही. मी म्हटलं, साहेब, बाळंतपणंही आवर्तीच असतात. ते हसले, आणि वसुली लावली. मी पैसे भरले. पावती आहे.

त्याच वर्षी, त्याच खात्यातून, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक स्टीलचं कपाट, दोन फ्लेक्स आणि पडदे घेतले. त्यावर एकही आक्षेप नाही. कपाटाची गरज होती का? एक कपाट होतं. पण २७ मार्चला तालुक्याहून फोन आला, “बाई, खर्च टाका, उपयोगिता प्रमाणपत्र उद्याच्या उद्या.” मी सही केली. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही, कपाटाच्या बिलावर सही माझी आहे.

मार्चची ही घाई का होते, हे बातमीत कधी येत नाही म्हणून थोडक्यात सांगते. अभियानाचा पैसा केंद्राचा साठ आणि राज्याचा चाळीस टक्के. दिल्लीहून निघतो, राज्याच्या तिजोरीत थांबतो, तिथून राज्याच्या आरोग्य सोसायटीकडे, मग जिल्हा, मग तालुका, मग आम्ही. प्रत्येक मुक्कामाला मागच्या पैशाचा हिशेब दिल्याशिवाय पुढचा पैसा हलत नाही, आणि एका तालुक्याचा हिशेब अडला की सगळ्यांचा अडतो. आमच्यापर्यंत यायला दिवाळी उलटून जायची, कधी संक्रांत. पावसाळ्यात वाट वाहून जाते, डायरिया होतो, साप चावतात, तेव्हा खात्यात खडखडाट. फेब्रुवारीत, जेव्हा आजार कमी आणि लग्नं जास्त, तेव्हा लक्ष्मी. जुलै २०२१ पासून तर केंद्राच्या योजनांचा पैसा राज्यात एकाच मुख्य खात्यात राहायला लागला, आमच्या खात्यावर शून्य शिल्लक, वरून जेवढी मर्यादा टाकतील तेवढंच काढायचं. चोरी आणि पडून राहणारा पैसा आटोक्यात यावा म्हणून ते केलं, हेतू पटतो. पण पूर्वी निदान दोन हजार गाठीला ठेवून जूनमध्ये वापरता यायचे, आता ती गाठही सुटली.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे, ती नकाशा पाहिल्याशिवाय समजत नाही. साम्रद, घाटघर, रतनवाडी ही आमची टोकाची गावं. भंडारदऱ्याहून नाशिक सत्तरएक किलोमीटर. आमचं जिल्ह्याचं ठिकाण, अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं), त्याच्या दुप्पट लांब. रुग्ण कुठे जाणार? जवळ जाणार. मग तो दुसऱ्या जिल्ह्याचा होतो. त्याची चिठ्ठी परत यायची तर दोन जिल्हा परिषदा, दोन जिल्हा शल्यचिकित्सक आणि दोन बैठका ओलांडून यायची. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय आणि त्यावरचे दवाखाने राज्याच्या खात्याचे, वैद्यकीय महाविद्यालय तर तिसऱ्याच खात्याचं. रुग्णाला हे माहीत नसतं. त्याच्या दृष्टीनं सगळा ‘सरकारी दवाखाना’. आणि मे-जूनमध्ये काजवे बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची अशी रांग लागते की एका शनिवारी रात्री १०८ त्या रांगेत पाऊण तास उभी असलेली मी पाहिली आहे. विषयाला सोडून आहे, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

यावर कुणीतरी म्हणेल, आता ॲप आलंय, प्रत्येकाच्या आरोग्य नोंदींचा आभा क्रमांक आलाय, ई-संजीवनीवरून मोठे डॉक्टर बोलतात. सगळं खरं. उपकेंद्राला आता समुदाय आरोग्य अधिकारी आहे, पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय. माझ्यानंतर आलेली मुलगी टॅब माझ्यापेक्षा दसपट चांगला चालवते. पण ती नोंद भरते ती वर जाण्यासाठी. वरच्याला आकडे कळतात. ‘तुमच्या हद्दीतलं एक बाळ आज सुटलं, माहेरी गेलं, अठ्ठावीस तारखेला डोळे दाखवायचे’ हे खाली कुणी तिला कळवत नाही. तिला मिळतात ते महिनाअखेरीचे ‘नोंदी अपूर्ण’ असे मेसेज.

म्हणून माझी मागणी लहान आहे, आणि ती लहान आहे म्हणूनच मान्य होणार नाही अशी मला धास्ती वाटते. उद्घाटन करता येईल असं त्यात काही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या १ लाख ७५ हजारांतून वर्षाला चोवीस हजार ‘पाठपुरावा’ या नावानं वेगळे ठेवू द्या, म्हणजे महिन्याला दोन हजार, सातवा हिस्साही नाही. त्यातून फोन, एस.टी. भाडं, आशाताईंची जादा खेप, आणि तो खर्च आवर्ती असला तरी चालेल असं शासन निर्णयात स्पष्ट लिहा, नाहीतर माझ्यासारख्या दुसऱ्या बाईला वसुली लागेल. दुसरं, मोठ्या दवाखान्याच्या प्रसूती आणि बालविभागात एका माणसाच्या नावानं हे काम नेमून द्या: सुट्टी दिली त्याच दिवशी संबंधित केंद्राला फोन, आणि ‘कोणत्या पत्त्यावर जाणार’ हा प्रश्न बाईला विचारायचा, तिच्या नवऱ्याला नाही. डिस्चार्ज कार्डावरची पुढची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरात. घरी सोडणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडून, कुठे उतरवलं, एवढा एक मेसेज. याला तर पैसाही लागत नाही.

सीमेवरच्या तालुक्यांसाठी शेजारच्या जिल्ह्याशी लेखी व्यवस्था करा. अकोले तालुक्यासाठी नाशिकशी करा, असंच दुसरीकडे कुठे कुठे करावं लागेल ते तिथले लोक सांगतील. आणि पैसा जूनच्या आत द्या. सगळा नको, पहिला हप्ता द्या.

हिशेबाचं म्हणाल तर लोकांना विचारा. २००७ पासून आपल्या राज्यात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचं उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, जनसुनवाईत गावकरी माइकवर उभं राहून विचारायचे, आमच्या अबंधित निधीचं काय केलं. तेव्हा आम्ही कर्मचारी चिडायचो, खोटं कशाला बोलू. आज वाटतं, आमच्या ग्रामसभेत कुणी उठून ‘कपाट कशाला घेतलं?’ असं विचारलं असतं तर पुढच्या मार्चला मी सही करायला कचरले असते. ‘तेराशे ग्रॅमचं पोर कुठे आहे?’ असंही मग कुणीतरी विचारलं असतं.

पुढच्या वेळी अखर्चित निधीची बातमी द्याल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी एका केंद्रात जाऊन एवढंच विचारावं: मागच्या महिन्यात किती रुग्ण वर पाठवले, आणि त्यांतले आज कुठे आहेत. दुसऱ्या प्रश्नाला सिस्टर आशाताईंना फोन लावायला लागली तर तिथे बसून राहावं, किती फोन लागतात ते मोजावं.

परतवही माझ्या घरी आहे. तिचे पैसे अमान्य झाल्यामुळे ती खात्याची मालमत्ता नाही, माझी आहे. मागची चाळीस पानं कोरी राहिली. कुठल्या तालुक्याला रकाने बघायचे असतील तर एस.टी.नं घेऊन येईन, आता अर्धं तिकीट लागतं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
ता. अकोले, जि. अहिल्यानगर
(नाव आपल्याकडे दिलं आहे, कृपया छापू नये.)